दुर्बीण, कॅमेरा, फिल्टर : तुमचे प्रश्न

पाऊस उघडला, राधानगरीकडचं आकाश स्वच्छ झालं की माळ्यावरच्या दुर्बिणी खाली येतात आणि तेच ते प्रश्नही येतात. या वेळी पाच घेतो.

कॅननचा डीएसएलआर दुर्बिणीला जोडायला काय लागेल? (राजारामपुरी)
कॅननच्या माउंटची टी-रिंग (कॅमेऱ्यावर लेन्सच्या जागी बसणारं कडं) आणि तुमच्या फोकसरच्या (डोळ्याचं भिंग बसतं त्या सरकत्या नळीच्या) मापाचा, सव्वा किंवा दोन इंची, नोजपीस, म्हणजे त्या नळीत शिरणारा तुकडा.

उद्यमनगरात लेथवर ॲडॉप्टर करून घेतला. टी-रिंगमध्ये दोन आटे जातो आणि अडकतो. (शाहूपुरी)
टी-रिंगचे आटे ४२ मिमी व्यासाचे, ०.७५ मिमी पिचचे (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांतलं अंतर). जुन्या स्क्रू-माउंट लेन्सचा व्यासही ४२, पण पिच १ मिमी. टर्नरला नुसता व्यास सांगितला की हे होतंच. जोर लावू नका, आटे मरतील. टी-रिंगच सोबत न्या आणि पिच-गेज लावून नवा करून घ्या.

न्यूटोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) कॅमेरा लावला की फोकसर पूर्ण आत नेऊनही चंद्र धूसर. विक्रेता नवी दुर्बीण घ्या म्हणतो. (इचलकरंजी)
काहीही घेऊ नका. टी-रिंग धरून सेन्सर ५५ मिमी मागे जातो आणि आयपीससाठी (डोळा लावायच्या भिंगासाठी) बनवलेल्या न्यूटोनियनची प्रतिमा तेवढी बाहेर येत नाही. चंद्रासाठी बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावा, फोकस बाहेर सरकेल. तेजोमेघांसाठी मुख्य आरसा पुढे घ्यावा लागेल. ते जाणकाराला शेजारी बसवूनच करा.

गच्चीवरून फोटो काढताना शहराच्या उजेडावर फिल्टर चालेल? (कसबा बावडा)
सोडियमच्या पिवळ्या दिव्यांवर चालायचा, एलईडीवर फारसा नाही. तेजोमेघांना ड्युअल नॅरोबँड (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे सोडणारा फिल्टर) लावा, दीर्घिकांसाठी शहराबाहेर जा.

दुर्बिणीसोबत आयपीसला लावायचा काळा 'सन' फिल्टर आला आहे. शिवाय माझ्याकडे एच-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश सोडणारा) फिल्टर आहे. २०२७ च्या ग्रहणाला कोणता वापरू? (गडहिंग्लज)
दोन्ही नाही. तो काळा फिल्टर आजच हातोडीनं फोडा, म्हणजे घरातलं पोर तो उचलणार नाही. ११४ मिमीचा आरसा भर दुपारी सुमारे १० वॅट उष्णता गोळा करतो आणि ती सगळी या इवल्या काचेवर येते. काच तडकते तेव्हा डोळा आयपीसलाच असतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं नंतर लक्षात येतं. असा फिल्टर खोक्यात घालून 'सूर्यही पाहा' म्हणून दुर्बीण विकणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

तुमचा एच-अल्फा रात्रीचा आहे. ६५६ नॅनोमीटरभोवतीचा पट्टा तो जवळजवळ न अडवता सोडतो. सूर्याच्या एच-अल्फा दुर्बिणींची रचनाच वेगळी असते. 'मित्रानं लावून पाहिला, काही झालं नाही' हे मला सांगू नका.

फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, पूर्ण व्यासाचा, घट्ट बसलेला हवा. डोळ्यांनी पाहायचं तर घनता ५ ची (प्रकाशाचा लाखावा भागच सोडणारी) सौर फिल्म. ३.८ ची फक्त कॅमेऱ्यासाठी, तिच्यातून डोळ्यांनी पाहायचं नाही. फाइंडरही (दुर्बिणीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) झाकून ठेवा. फिल्म आधी उजेडासमोर धरून टाचणीएवढं छिद्र नाही ना ते तपासा. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे ग्रहण खंडग्रास आहे, म्हणून फिल्टर एक क्षणही काढायचा नाही. ऐन वेळी धावपळ नको. फिल्म आत्ताच घ्या आणि लावण्याआधी अनुभवी निरीक्षकाला दाखवा. आधीच डोळा लावून झाला असेल आणि मधोमध डाग दिसत असेल, तर आजच्या आज नेत्रतज्ज्ञांकडे जा.