‘हल्ली जरा हट्टी झालीये’

‘ताई, माझी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. परवा शाळेत ‘गुड टच, बॅड टच’ शिकवलं. बाई म्हणाल्या, घरीही बोला. मला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. व्हिडिओ दाखवू का? एखादं पुस्तक सांगाल? तशी ती समजूतदार आहे, फक्त हल्ली जरा हट्टी झालीये. माझे मामेसासरे आले की दिवाणाखाली जाऊन बसते. पापी द्यायला, मांडीवर बसायला ओढून आणावं लागतं. सासूबाई म्हणतात, पोरीला वळण नाही. ते असो. नेमकं काय शिकवू?’

‘ते असो’ म्हणून तू पुढे गेलीस आणि मी तिथेच अडकले. सहा वर्षांचं लेकरू दिवाणाखाली, भिंतीला पाठ लावून बसलंय, आणि त्याला दंडाला धरून बाहेर ओढतंय कोण? त्याची आई.

मला राग आलाय. बाईंनी वर्गात काय सांगितलं असेल? नकोसं वाटलं तर ‘नाही’ म्हण, तिथून निघून जा, मोठ्या माणसाला सांग. यातल्या दोन गोष्टी तुझी लेक कुणी न शिकवता करतेय. तिसरी तिने कशी करावी? जी ओढून नेते तिलाच जाऊन सांगावं?

व्हिडिओ, पुस्तकं राहू देत. तुझ्या घरात धडा रोज चालूच आहे: पाहुण्याचं मन राखायचं असेल तर स्वतःच्या अंगाला काय वाटतं ते गिळायचं. वाईट हेतूच्या माणसाला असंच वळण लागलेलं मूल सोयीचं पडतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतल्या 12 हजारांवर मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांत जवळपास निम्मे ओळखीतले, भरवशाचे होते. बहुतेक मुलं तोवर कुणाजवळ बोललीच नव्हती.

मामेसासऱ्यांनी काही केलंय असं मी म्हणत नाही. मिशा टोचत असतील, तंबाखूचा वास येत असेल. तेवढं कारणही पुरेसं आहे. पण कारण कळेपर्यंत तिला त्यांच्याजवळ एकटी ठेवू नकोस, दुकानात न्यायलाही नाही.

आज रात्री तिची वेणी सोडताना एवढंच म्हण, ‘मी तुला ओढून नेत होते ना, ते माझं चुकलं. आता नाही नेणार.’ मग गप्प राहा, कंगवा चालू दे. खोदून विचारू नकोस. ती काही बोललीच तर तिच्या शब्दांत ऐक. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे तर ओठावर येऊच देऊ नकोस. ऐकलेलं गंभीर असेल तर 1098 ला फोन कर. मुलांसाठीची ही हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत. घरचं माणूस म्हणून दाबून ठेवणं मात्र चालणार नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात, माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. तिचा जबाब घरीच घेता येतो, पोलीस गणवेशात येत नाहीत, तिचं नाव कुठे छापायला बंदी आहे. त्याची धास्ती घेऊ नकोस.

आणि आता तुझं काम. गौरीच्या जेवणाला ते येतीलच. ते दारात चपला काढत असतानाच तू पुढे हो आणि सांग, ‘मामा, आमची सोनू आता कुणाला पापी देत नाही, मांडीवरही बसत नाही. तिला वाटलं तर लांबून नमस्कार करेल.’ सासूबाईंचा भाऊ आहे, त्या चिडतील. चिडू देत, एक सण तोंड फिरवून बसतील. तू मात्र हे स्वयंपाकघरात, हळू आवाजात बोलू नकोस. दिवाणाखालीही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोल.