रायफल घेण्याआधी रेंज बघ

नेमबाजीच्या रेंजची वर्षाची फी एकदम भरू नकोस, महिन्याची भर. आपल्याकडच्या बऱ्याच १० मीटर एअर रायफल रेंज भाड्याच्या हॉलमध्ये चालतात. करार संपला, किंवा वरच्या मजल्यावरून हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या आवाजाची तक्रार आली, की गाशा गुंडाळावा लागतो. आणि क्लब जिल्हा रायफल असोसिएशनशी संलग्न आहे का, हे आधी विचार. नसेल तर स्पर्धेची एन्ट्री अडते.

स्वतःच्या रायफलची घाई नको, सध्या क्लबचीच वापर. जुनी स्वस्तात मिळाली तर तिच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख नीट वाच. १० वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, मग विकणारा काहीही सांगो. शिवाय हवा भरणार कुठे? रेंज बंद पडली की पहिलं घोडं तिथेच अडतं. २०० बार दाबाची हवा पंक्चरवाल्याकडे मिळत नाही.

रेंज बंद असेल तेव्हा घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्ऱ्याशिवाय सराव, कर. छर्रा नाही याची दोनदा खात्री, समोर कोरा कागद, आणि फक्त स्टान्स, श्वास, ट्रिगर. कंटाळवाणं आहे, पण एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

.२२ चं, म्हणजे काडतुसाच्या रायफलचं, एवढ्यात डोक्यातून काढ. ऑलिंपिक पदकविजेत्या स्वप्नील कुसाळेसारखं ५० मीटरवर मारायचं तर पुण्यातल्या बालेवाडीसारखी मोठी रेंज हवी, वर परवाना आणि काडतुसांचा खर्च.