दार बंद, तरी लाईट चालूच

प्रश्न: आमची गाडी दहा-बारा वर्षं जुनी. चारी दारं नीट बंद केली तरी मीटरवर दार उघडं असल्याचा लाल लाईट पेटतो, पावसात तर रोजचंच झालंय. परवा चोर्ला घाटात खड्डा आला की लागायचा, खड्डा गेला की विझायचा. लॉक बदलायचं काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: लॉक बदलायची घाई करू नका हो. आधी डिकी बघा, बऱ्याच गाड्यांत तिचाही स्विच त्याच लाईटला जोडलेला असतो आणि लोक नेमकं तेच विसरतात. जुन्या गाड्यांत दाराच्या खांबावर रबरी टोपीचा बटण-स्विच असतो, दार उघडलं की तो बाहेर येऊन वायरीला बॉडीचं अर्थिंग देतो. खानापूरच्या पावसात तो गंजून बाहेरच अडकतो, मग दार लावलं तरी गाडीला उघडंच वाटतं. एकेक स्विचची वायर काढून बघा. लाईट विझला तर तोच स्विच खराब, सगळ्या काढूनही पेटत राहिला तर वायर कुठंतरी बॉडीला टेकतीय, दार आणि खांबाच्या मधली रबरी नळी सरकवून बघा, तिथंच वायर सोलते, आणि तुमचं खड्ड्याचं लक्षण बघता मला तिचाच संशय जास्त. स्विच लॉकच्या आतच असेल तर मात्र दाराचं पॅड काढावं लागतं, ते वायरमनकडून करून घ्या. तोवर छतातला दिवा बंद ठेवा, नाहीतर सकाळी धक्का मारायला शेजाऱ्यांना उठवावं लागेल!