पेटी शिकायलास, मग नोटेशन (सूर लिहायची लिपी) लागतंय का?
भावा, आत्ताच पेटी धरली न् लगेच नोटेशनचं टेन्शन कशाला घ्यायलास? सप्त्यात बुवानं काळी चार (म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीवर सा) म्हणलं की पेटीवाले कागद न बघता सूर धरतेत, चाल कुठं वळणार ते कानानंच कळतंय त्यांना. पण गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षा द्यायच्या असतील तर लिपी पाहिजेच, अन् भातखंडे लिपी सोपी आहे, स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं सप्तक), वर टिंब तार (वरचं सप्तक), खाली आडवी रेघ कोमल (उतरलेला सूर), म वर उभी रेघ तीव्र (चढलेला म), तालाच्या समेला (पहिल्या मात्रेला) फुली न् तालातल्या ‘खाली’ला (टाळी नसलेल्या जागेला) शून्य, लगेच बसतंय डोक्यात (मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र गळ्यातून ऐकूनच समजून घे, पेटीच्या पट्ट्यांवर ती निघत नसती). पाच रेघांचं स्टाफ नोटेशन सध्या राहू दे, व्हायोलिन घेऊन मुंबईच्या स्टुडिओत जायचं ठरलं की बघू. रोज एक अभंग ऐकून सरगम स्वतः लिही न् पेटीवर ताडून बघ.