खासदार, उन्हाळा आणि आपला अर्ज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : टँकरसाठी खासदारांना निवेदन देऊन पंधरा दिवस झाले. टँकर नाही. पुन्हा भेटावं का? (एक सरपंच)

भेटा, पण आधी पंचायत समितीत जाऊन या. टँकर मंजूर करायचा अधिकार खासदाराला नाही आणि आमदारालाही नाही. ग्रामपंचायतीचा ठराव गटविकास अधिकाऱ्याकडे जातो, तहसील आणि पंचायत समितीची माणसं संयुक्त पाहणी करतात आणि मग महसूल खातं मंजुरी देतं. तुमच्याकडे फक्त निवेदनाची पोचपावती असेल आणि ठरावच गेला नसेल, तर फाईल अजून जन्मालाच आलेली नाही.

ठरावात बहुतेकदा दोन गोष्टी राहतात. पहिली म्हणजे वाड्यावस्त्यांची नावं. ‘गावास टँकर मिळावा’ एवढंच लिहिलं की टँकर गावठाणातल्या विहिरीत रिकामा होतो आणि दोन किलोमीटरवरची वस्ती कोरडीच राहते. दुसरी म्हणजे लोकसंख्येचा हिशेब. टंचाईत माणशी रोजचे २० लिटर धरतात. १,२०० लोकांना २४,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. हा आकडा ठरावातच लिहा. जवळ पाणी असलेली खासगी विहीर असेल, तर टँकरऐवजी ती अधिग्रहित करा, असा शेरा येतो. ती आटली असेल तर पाहणीच्या दिवशीच पंचनाम्यात तसं लिहून घ्या.

खासदाराचा उपयोग यानंतर. प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला, हे सांगितलंत तर त्यांचा एक फोन कामाचा. नुसतं ‘टँकर द्या’ म्हटलं तर त्यांच्या कार्यालयातून एक पत्र निघतं आणि त्या पत्राची प्रत तुमच्या हातात पडते, एवढंच.

प्रश्न : खासदारांनी जाहीर सभेत आमच्या सभामंडपाला निधी दिला. वर्ष गेलं, वीटसुद्धा आली नाही.

खासदार निधी ‘देत’ नाहीत, कामाची शिफारस करतात. एका खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांची कामं सुचवता येतात, हा आकडा २०११-१२पासून तोच आहे आणि राज्यातल्या लोकसभा मतदारसंघात साधारण सहा विधानसभा क्षेत्रं येतात. भाग घालून पाहा, म्हणजे सभेतली आश्वासनं किती उरतात ते कळेल. त्यातही १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवावे लागतात.

१ एप्रिल २०२३च्या नव्या मार्गदर्शक सूचनांपासून कारभार ऑनलाइन झाला. त्यामुळे लेटरहेडवरच्या पत्रापेक्षा शिफारस पोर्टलवर चढली का, हे महत्त्वाचं. खासदारांच्या स्वीय सहायकाकडे कामाचा क्रमांक मागा. क्रमांक नसेल तर काम नाही. असेल तर जिल्हा नियोजन कार्यालयात तो दाखवून तांत्रिक मान्यता कुठे अडली ते विचारा.

तुमच्या बाबतीत मला दुसरीच शंका येते. सभामंडप देवळापुढे आहे का? धर्मस्थळाच्या आवारात किंवा त्याच्या मालकीच्या जागेवर या निधीतून काम होत नाही. नाव बदलून ‘सांस्कृतिक सभागृह’ केलं तरी सातबाऱ्यावर देवस्थानाचं नाव असलं की प्रस्ताव परत. खासगी जागा, जमीन खरेदी, कोणाच्या नावाचं स्मारक यांचंही तेच. आणि मागच्या प्रश्नाला धरून सांगायचं तर टँकरचं भाडं आणि डिझेलही यात बसत नाही, कारण निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी आहे.

प्रश्न : आमच्या नळयोजनेचा प्रश्न संसदेत विचारला जावा असं वाटतं. कधी आणि कसा द्यावा?

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात द्या. पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैच्या उत्तरार्धात सुरू होतं आणि लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला, त्यातून नंबर लागतो सोडतीने. अधिवेशन सुरू झाल्यावर कागद घेऊन दिल्लीला पळणाऱ्यांचा एक आठवडा असाच जातो.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. असे दिवसाला फक्त २० असतात आणि तासाभरात त्यातले मोजकेच पुकारले जातात. अतारांकित २३०, त्यांची उत्तरं लेखी. लोक तारांकितचा हट्ट धरतात. माझं मत उलट आहे: गावाच्या कामाला अतारांकितच बरा. आकडे छापील मिळतात, लोकसभेच्या संकेतस्थळावर राहतात आणि तेच उत्तर घेऊन जिल्हा परिषदेत जाता येतं.

आता शब्दरचना. ‘आमच्या गावची पाण्याची टाकी दोन वर्षं अर्धवट का?’ हा प्रश्न लोकसभेच्या सचिवालयातच गळतो, कारण पाणीपुरवठा राज्याचा विषय आहे. पण जलजीवन मिशनमध्ये महाराष्ट्रासारख्या राज्याला केंद्र निम्मा वाटा देतं, तेव्हा दार तिथून उघडतं: ‘(क) जलजीवन मिशनखाली अमुक जिल्ह्यात मंजूर योजना किती, पूर्ण किती, (ख) केंद्राचा हिस्सा वर्षनिहाय किती दिला, (ग) अपूर्ण योजनांची कारणं आणि मुदत काय?’ मर्यादा १५० शब्दांची. तुमच्या गावाचं नाव यात नाही म्हणून नाराज होऊ नका. योजनेचं नाव, मंजुरीची तारीख आणि कार्यादेशाची प्रत वेगळ्या पानावर खासदारांना द्या.

उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं आलं तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर सरकारी आश्वासनांची समिती नजर ठेवते. तीन महिने संपले की खासदारांना त्या समितीकडे लिहायला सांगा. हे सहसा कुणी करत नाही.

सोडतीत नंबर लागलाच नाही तर लोकसभेचा नियम ३७७ आहे. त्याखाली सदस्याला आठवड्यातून एकदा छोटं निवेदन मांडता येतं आणि संबंधित मंत्रालय त्याला नंतर लेखी उत्तर देतं.

प्रश्न : एप्रिल ते जुलै संसद बंद. मग खासदार करतात काय?

सभागृह बंद असतं, स्थायी समित्या बंद नसतात. मंत्रालयांशी संलग्न अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य: २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात म्हणून बातमी होत नाही. जिल्ह्यात ‘दिशा’ समिती असते. अध्यक्ष खासदार, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. केंद्राच्या योजनांचा आढावा तिथे तिमाहीला घ्यायचा असतो. मागच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागवा. बैठक झालीच नसेल तर तेही त्यातून कळेल.

प्रश्न : केंद्रीय विद्यालयात खासदार कोट्यातून प्रवेश मिळवून देतो, असं एकजण सांगतो. पैसे मागतोय.

देऊ नका. एका खासदाराच्या शिफारशीवर दहा मुलांना प्रवेश मिळत असे, तो कोटा २०२२मध्येच बंद झाला.