युरियामुळे हायड्रोफोबिक इंटरॅक्शन कमी होतात ते पाण्याचं स्ट्रक्चर तुटतं म्हणूनच का?

तुमच्या नोट्समध्ये ‘युरिया पाण्याचं स्ट्रक्चर (रेणूंमधलं हायड्रोजन बाँडचं जाळं) तोडतो, म्हणून हायड्रोफोबिक इंटरॅक्शन (पाण्यात तेलकट भागांचं एकमेकांना चिकटणं) ढिल्या पडतात’ एवढंच लिहिलंय आणि ते बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. नाही. निदान मुख्य कारण ते नाही. ह्याच वाक्यावरून एमएस्सीच्या व्हायवात मला गप्प बसवलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा प्रोजेक्ट साधा होता, ० ते ६ मोलर युरियात एसडीएस ह्या साबणासारख्या पदार्थाचा सीएमसी (ज्या कॉन्सन्ट्रेशनला त्याचे रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे गोळे करायला लागतात) किती सरकतो ते कंडक्टिव्हिटीने बघायचं. युरिया विरघळताना बीकर इतका गार पडतो की बाहेरून पाणी धरतं, आणि गार पडला की उरलेला युरिया विरघळायला वेळ लावतो, म्हणून मी घाईत तो हॉटप्लेटवर ठेवला. झालं, एसडीएसचा थेंबही टाकला नव्हता तरी मीटर भलताच आकडा दाखवायला लागला. प्रोब धुतला, पाणी बदललं, पुन्हा कॅलिब्रेट केलं, दोन दिवस ह्यातच गेले. मग कळलं की तापवलेल्या युरियात अमोनियम सायनेट तयार होतं, म्हणजे आयन आले, म्हणजे कंडक्टिव्हिटी वाढणारच (प्रोटीनवाले तर ह्या सायनेटला जास्तच घाबरतात, ते प्रोटीनमधल्या लायसिन ह्या अमिनो ॲसिडला जाऊन चिकटतं). सगळं ओतून दिलं आणि रोज सकाळी ताजं द्रावण करायला लागले, न तापवता. आणि हो, ८ मोलर म्हणजे लिटरला ४८० ग्रॅम, पण ते १ लिटर पाण्यात टाकायचे नाहीत, व्हॉल्यूम फुगून १.३६ लिटरच्या आसपास जातं आणि द्रावण ६ मोलरच्याही खाली येतं.

त्यानंतर ग्राफ नीट आले. नुसत्या पाण्यात ८ मिलिमोलरच्या जवळ रेष स्पष्ट मोडते, तोच सीएमसी, आणि युरिया वाढवत गेलं की तो मोड उजवीकडे सरकतो आणि बोथटही होत जातो, ६ मोलरला तर तीन-तीनदा पट्टी लावून बघायला लागायचं की रेष नक्की वळली कुठे. म्हणजे एसडीएसच्या १२ कार्बनच्या तेलकट शेपट्यांना आता मायसेलमध्ये शिरायची तेवढी निकड उरली नाही.

व्हायवात मी म्हटलं की युरिया स्वतःच शेपटीच्या जवळ जमतो, म्हणून तसं होतं. एक्स्टर्नल एक्झामिनर म्हणाले, युरिया स्ट्रक्चर ब्रेकर आहे, हे बेसिक आहे, पुढचा प्रश्न. तेव्हा मला काही बोलता आलं नाही, आज सांगता येतं.

स्ट्रक्चर ब्रेकरचं मॉडेल फ्रँक आणि फ्रँक्स यांचं, १९६८ चं. पण त्याच्या आधीच, १९६४ मध्ये, वेटलॉफर आणि सहकाऱ्यांनी हायड्रोकार्बनची विद्राव्यता मोजली होती. युरियाच्या दाट द्रावणात प्रोपेन, ब्युटेन पाण्यापेक्षा जास्त विरघळतात पण मिथेन कमी विरघळतो. पाणीच सैल झालं असेल तर मिथेनने काय घोडं मारलंय? उलट युरियाने पाण्याचा सरफेस टेन्शन किंचित वाढतो, म्हणजे रेणू मावायला पाण्यात पोकळी करणं काही स्वस्त होत नाही. मोठ्या साखळीला युरिया अंगाला अंग लावून बसतो, त्या व्हॅन डर वाल्स आकर्षणातून खर्च भरून निघतो, मिथेनला तेवढं अंगच नाही. पुढे २००६ मध्ये रेझस आणि बाकर यांनी इन्फ्रारेड लेसरने पाण्याचे रेणू किती भराभर फिरतात ते मोजलं, ८ मोलर युरियातसुद्धा बहुतेक पाणी नेहमीसारखंच फिरत होतं, फक्त दर युरियामागे साधारण एक रेणू अडकलेला. आणि ८ मोलरला एका युरियामागे पाण्याचे रेणूच मुळात चार-साडेचार असतात. ह्याला स्ट्रक्चर तुटलं कसं म्हणायचं?

तेव्हा व्हायवात विचारलं तर ‘डायरेक्ट इंटरॅक्शन’ म्हणा आणि मिथेनचं उदाहरण द्या, गप्प बसू नका.

आता दोन गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. एसडीएस आयनिक आहे, युरियाने डायलेक्ट्रिक कॉन्स्टंटही वाढतो (म्हणजे चार्जमधली ओढ-ढकल कमी होते), त्यामुळे माझ्या सीएमसीतला सगळा फरक शेपटीचाच असं म्हणता येणार नाही (नॉन-आयनिकमध्येही सीएमसी वाढतो, म्हणून मी मागे हटत नाही). आणि प्रोटीन उलगडतं ते फक्त हायड्रोफोबिक भाग सुटल्याने नाही, युरिया पेप्टाइड बॅकबोनशी (प्रोटीनच्या मुख्य साखळीशी) हायड्रोजन बाँडही करतो, ते वेगळं लिहा. शिवाय स्ट्रक्चर मोडण्याच्या विरोधात आणखी एक उदाहरण, पीनायपॅम नावाचा पॉलिमर पाण्यात ३२ डिग्रीच्या आसपास आक्रसतो, युरिया घातला की तो त्याहून कमी तापमानालाच आक्रसतो. युरिया नुसता पाणी मोडत असता तर तो उशिरा आक्रसायला हवा होता.