वेल्समधले जुने कागद वाचायला बसताना
नव्याने सुरुवात करताय म्हणून सांगते, वेल्श खाणकामगाराच्या डायरीतली चॅपलची (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळ्या पंथांच्या प्रार्थनाघराची) पानं आणि कामाची पानं वेगळी काढू नका. रविवारी प्रवचनाची टिपणं काढणारा माणूसच सोमवारी पाटीच्या दगडाच्या खाणीवर जात असे. बेथेस्डा गावाचं नावसुद्धा चॅपलवरून पडलंय! तिथल्या पेनरिन खाणीच्या १९००–०३ च्या कामगार-संपात घरांच्या खिडक्यांत ‘या घरात फितूर नाही’ अशा पाट्या लागल्या होत्या; फितूर म्हणजे संप मोडून कामावर परतलेला. त्या काळातलं पत्र मिळालं तर कोण कुणाबरोबर प्रार्थनेला जायचं थांबलं, ते आधी शोधा. मेथडिस्ट धर्मप्रचारक हॉवेल हॅरिसच्या अठराव्या शतकातल्या डायऱ्या अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. पण अक्षर फार बारीक आणि सुरुवातीचा मजकूर लॅटिन, तेव्हा त्या नंतर वाचायला घ्या. आणि जोन्स, विल्यम्स आडनावाचे ढीगभर भेटतील, म्हणून घराचं नाव टिपून ठेवाच.